गृहशिक्षण : आधी अभ्यासक्रम, मग परीक्षा मंडळ

मुलाचे नाव शाळेच्या पटावर न घालता त्याच्या शिक्षणाची सगळी जबाबदारी पालकांनी स्वतः उचलणे, याला गृहशिक्षण म्हणतात; आणि हा मार्ग धरणाऱ्या महाराष्ट्रातील कुटुंबांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो अभ्यासक्रमाच्या निवडीचा. या प्रश्नाला सर्रास मिळणारे उत्तर असे की, मूल सहा वर्षांचे होताच परीक्षा मंडळ ठरवून टाकावे, ते शक्यतो आंतरराष्ट्रीय असावे आणि त्या मंडळापर्यंत नेणारा इयत्तावार तयार संच विकत घ्यावा, म्हणजे पुढे वर्षे वाया जात नाहीत. हे मत पालकांच्या काळजीतून आलेले असले तरी ते चुकीचे आहे. अकरा-बारा वर्षांपर्यंतचा अभ्यासक्रम घरच्या भाषेतून आणि मुलाच्या प्रत्यक्ष प्रगतीवरून बेतावा आणि मंडळाचा निर्णय त्यानंतर घ्यावा, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

वरील मताच्या मुळाशी तीन निराळ्या गोष्टींची गल्लत आहे. कोणत्या टप्प्यावर मुलाला काय यावे आणि ते कोणत्या क्रमाने यावे याची आखणी म्हणजे अभ्यासक्रम. पाठ्यपुस्तक हे त्या आखणीचे एक साधन. आणि परीक्षा मंडळ ही शेवटी प्रमाणपत्र देणारी संस्था. शाळेत या तिन्ही गोष्टी एकत्रच पदरात पडतात, त्यामुळे त्या अविभाज्य वाटतात. घरी मात्र त्या सुट्या करता येतात, आणि ही मोकळीक पहिल्याच वर्षी हातची घालवली तर शाळा सोडून मिळवले काय, असा प्रश्न उरतो.

वर्षे वाया जाण्याची भीती नियमांकडे पाहिले असता टिकत नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे १९८९ साली स्थापन झालेले केंद्र सरकारचे मुक्त शिक्षण मंडळ, चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला माध्यमिक म्हणजे दहावीच्या समकक्ष अभ्यासक्रमाला प्रवेश देते. तेथे मराठी माध्यम उपलब्ध आहे, पाच विषय पुरतात, परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि एकदा नोंदणी केली की पाच वर्षांच्या मुदतीत नऊ संधी मिळतात. महाराष्ट्र राज्य मंडळाकडे खाजगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसण्यासाठी सतरा नंबरचा अर्ज भरावा लागतो; पण तेथे शाळा सोडल्याचा दाखला मागितला जात असल्याने, कधीच शाळेत न गेलेल्या मुलाला मुक्त विद्यालयाचा मार्ग अधिक सुकर ठरतो. यांपैकी कोणत्याही वाटेसाठी सहाव्या वर्षी काहीही ठरवावे लागत नाही. कायद्याच्या बाबतीत एवढेच सांगणे पुरे की, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे दहावे कलम मुलाला शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य मानते, गृहशिक्षणाचा तो कायदा वेगळा उल्लेख करत नाही आणि पालकांना दंड करण्याची तरतूदही त्यात नाही; ही संदिग्धता कोणताही महागडा संच विकत घेऊन दूर होत नाही.

मोठा दोष तयार संचाच्या पोटातच आहे. इंग्रजी भाषक मुलांसाठी रचलेला वाचनाचा कार्यक्रम इंग्रजीच्या अनियमित वर्णलेखनाशी झुंजण्यासाठी बेतलेला असतो. देवनागरीत वाचायला शिकणाऱ्या मुलाची अडचण निराळी असते, कारण त्याला ऱ्हस्व-दीर्घ मात्रा अक्षराला चारी बाजूंनी कशा लागतात आणि ‘र’ कधी रफार होऊन वर चढतो, तर कधी तिरकी रेघ होऊन खाली बसतो, हे समजून घ्यावे लागते. आणि याबद्दल त्या संचात एक ओळही सापडत नाही. गणितात तर हे अधिकच स्पष्ट दिसते. २७ हा अंक लिहिताना मूल आधी दोन लिहिते आणि मग सात, पण ‘सत्तावीस’ म्हणताना त्याच्या तोंडी सात आधी येतात. ५९ लिहिताना समोर पाच आणि नऊ असतात, तर ‘एकोणसाठ’ या नावात साठाला एक कमी असल्याचा हिशेब दडलेला असतो. ही अडचण ओळखूनच बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ साली ‘वीस एक, वीस दोन’ असे वाचनही दिले गेले, त्यावर राज्यभर वादळ उठले आणि गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांना त्याचे समर्थन करावे लागले. त्या वादात कोणाची बाजू घ्यावी हा प्रश्न वेगळा. गृहशिक्षण देणाऱ्या पालकाला मात्र त्यातून मोलाची गोष्ट मिळते : मूल अडखळते तेव्हा आठवडाभर दोन्ही रीती बोलून पाहता येतात आणि त्याला कोणती मानवते ते डोळ्यांनी दिसते. ‘ट्वेन्टी-सेव्हन’ या क्रमावर उभारलेल्या संचाला ही अडचण असते हेच ठाऊक नसते, आणि मग मराठीत विचार करणाऱ्या मुलावर कच्चेपणाचा शिक्का बसतो. हा मुलावर होणारा अन्याय आहे.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की पुढचे सारे शिक्षण इंग्रजीतच व्हायचे, तेव्हा सुरुवातही इंग्रजीतूनच का करू नये? पण इंग्रजी चांगले येणे आणि पहिली बेरीज इंग्रजीतून शिकणे या दोन गोष्टी एक नव्हेत. गोष्टी, गाणी आणि संभाषण यांतून इंग्रजी पहिल्या दिवसापासून कानावर पडत राहावे, मात्र परिसर आणि गणित यांची उकल मुलाला शंका विचारता येतात त्या भाषेत व्हावी. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शक्य असेल तेथे निदान पाचवीपर्यंत घरची भाषा हेच माध्यम सुचवते. ज्यांच्या घरी कोकणी, अहिराणी किंवा गोंडी बोलली जाते त्यांनाही हाच न्याय लागू आहे.

दुसऱ्या टोकाचे मत असे की अभ्यासक्रमच नको; मुलाला मोकळे सोडले की ते आपोआप शिकते. अमेरिकन शिक्षणविचारक जॉन होल्ट यांच्या लेखनाचा आधार या मताला दिला जातो, आणि मुंबईच्या एका मुलीला दहावी-बारावीची प्रमाणपत्रे नसताना २०१६ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत प्रवेश मिळाल्याचा दाखला पुढे केला जातो. तो दाखला खरा आहे, पण अपुरा. त्या प्रवेशामागे संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड स्पर्धेतील पदके होती, म्हणजेच वर्षानुवर्षांचा अत्यंत शिस्तबद्ध अभ्यास होता. आखणी दिसली नाही म्हणून ती नव्हती, असा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही.

आखणी हवीच, पण ती मुलाच्या दिवसातून निघावी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली तेव्हा गुरे राखणाऱ्या मुलांना शाळेच्या वेळेत ओढून आणण्याऐवजी शिक्षणच कुरणावर नेले. घरच्या आखणीचे तत्त्व हेच आहे. त्यासाठी बालभारतीची पुस्तके इयत्तेप्रमाणे संपवण्याच्या हेतूने न वापरता मापनदंड म्हणून जवळ ठेवावीत : दर दोन-तीन महिन्यांनी त्यांतील एखादा न वाचलेला धडा मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावा, चार उदाहरणे सोडवून घ्यावीत आणि कोठे अडले ते तारखेसह वहीत लिहून ठेवावे. पुढच्या महिन्यांचा अभ्यासक्रम त्या वहीतून ठरतो. एखादे मूल गणितात दोन इयत्ता पुढे आणि लेखनात एक इयत्ता मागे असेल, तर दोन्ही पुस्तके एकाच वेळी उघडी असण्यात काहीही गैर नाही. इयत्ता ही पटसंख्या सांभाळण्यासाठी शाळेने केलेली सोय आहे.

बारा-तेराव्या वर्षी ही वही मुलासमोर ठेवून मंडळ निवडता येते. लेखी परीक्षेचा ताण सोसणारे आणि विज्ञानाकडे ओढा असलेले मूल सगळे विषय एकदम देऊ शकेल. एखाद्याला मुक्त विद्यालयात दोन विषय एप्रिलच्या आणि तीन ऑक्टोबरच्या परीक्षेत देणे सोपे जाईल. आणि शास्त्रीय संगीत किंवा खेळ यांत दिवसाचे कित्येक तास घालवणारे तिसरे मूल नऊ संधींचा पुरता लाभ घेईल.