चिनी माती म्हणजे हाडं नव्हेत!



चातुर्मासाआधीच्या साफसफाईत आमची निळी-पांढरी थाळी बोहारणीला दिली गेली. दोन साड्या आणि वर ती थाळी. बदल्यात स्टीलचं पातेलं. मी माहेरी होते. कारण विचारलं तर जाऊबाई म्हणाल्या, "अगं, चायनात गाईची हाडं असतात. मंडळात सांगितलं ना परवा."

ही थाळी आजेसासऱ्यांनी मुंबईत एका जुन्या बंगल्याच्या लिलावात घेतली होती. नदी, पूल, झाडं, सगळं निळ्या रंगात हाताने काढलेलं. ती आतून पोकळ होती. काठाजवळच्या छोट्या तोंडातून गरम पाणी ओतायचं, म्हणजे वरचं अन्न गरम राहतं. अशा थाळ्या चिनी कारागीर युरोपियन गिऱ्हाइकांसाठी घडवत आणि त्या कँटन बंदरातून जहाजाने बाहेर जात. माझ्याकडचा फोटो पाहून एक जाणकार हळहळले. म्हणाले, पोकळ थाळी अखंड मिळणं दुर्मिळ.

किंमत गेली याचं मला तेवढं दुःख नाही. ती खोट्या आरोपावर गेली, याचा राग आहे.

हाडांची राख घालायची ती 'बोन चायना'त, आणि ती पद्धत इंग्लंडची. 1790च्या दशकात स्टोक-ऑन-ट्रेंटच्या जोसाया स्पोड यांनी ती नीट बसवली. त्यात साधारण निम्मी राख जनावरांच्या हाडांची. तिच्याबद्दल आपला नियम योग्यच आहे आणि मी तो पाळते.

पण चीनमधल्या जिंगदेझेनची निर्यातीची भांडी दोनच गोष्टींची: केओलिन ही पांढरी माती आणि एक दगड कुटून केलेली पूड. 'केओलिन' हे नावच तिथल्या गाओलिंग गावावरून पडलं. कच्च्या भांड्यावर कोबाल्टने नक्षी, वरून झिलई, मग सुमारे 1300 अंशांची भट्टी. झिलईत राख असते खरी, पण ती चुन्याबरोबर जाळलेल्या नेच्यांची! इतकी शतकं माती-दगडावर चाललेलं काम आपण एका इंग्रजी नावाखातर हाडांत जमा केलं.

आता, निळं-पांढरं दिसलं की चिनीच, असंही नाही. इंग्रजांनी हीच नक्षी छापून भरपूर भांडी काढली, त्यातली काही बोन चायनाचीही आहेत. म्हणून भांडं उलटं करून बघा. शिक्का वाचा. नक्षी कुंचल्याची की छापाची ते पाहा. शंका राहिली तर जाणत्याला विचारा, तोवर वापरू नका, पण फेकूही नका. पाणी गाळताना आपण किती काळजीने बघतो! मग आजीची वस्तू घराबाहेर काढताना दोन मिनिटं बघायला काय हरकत होती?

मी त्या दिवशी शोकेसमधली सगळी भांडी उलटी केली. दिराच्या लग्नात आहेर आलेल्या सहा कपांच्या तळाशी सोनेरी अक्षरांत 'बोन चायना' छापलंय. सणावारी पाहुण्यांना आपण त्यातच चहा देतो. जाऊबाईंना दाखवले. त्या म्हणाल्या, "अय्या, पण हे तर नवे आहेत!"

कप अजून तिथेच आहेत.