शाळेचे तळे आणि नदीचे पाणी



मागील महिन्यात व्यवस्थापन मंडळाच्या बैठकीत एक सूचना आली. शहराबाहेर शाळेची जी जमीन आहे, तेथे तळे खोदावे, मासे वाढवावेत आणि येणारे उत्पन्न गरजू विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीला द्यावे. सूचना स्तुत्य आहे. परंतु त्याच बैठकीत असेही सुचविण्यात आले की, तळ्यात थाई मांगुर सोडावा, तो झपाट्याने वाढतो आणि पैसा लवकर हाती येतो. याला आमचा स्पष्ट विरोध आहे. कारणे पालकांना आणि विद्यार्थ्यांनाही कळावीत, म्हणून हा लेखनप्रपंच.

थाई मांगुर नावाने थाई असला, तरी मूळचा आफ्रिकेतला आहे. तो मांसाहारी आहे, लहान मासे फस्त करतो. हवेतूनही श्वास घेतो, त्यामुळे घाण पाण्यात तगतो आणि ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जाऊ शकतो. केंद्र सरकारने २००० सालीच त्याच्या पालनावर बंदी घातली आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ती कडकपणे अमलात आणण्यास सांगितले. शाळेनेच कायदा मोडला, तर नागरिकशास्त्राच्या तासाला आम्ही मुलांना काय शिकवावे?

कोणी म्हणेल, "एका तळ्याने काय बिघडते?" त्याचे उत्तर हिमाचल प्रदेशात मिळते. भाक्रा धरणाच्या गोविंदसागर जलाशयाजवळ एक मत्स्यबीज केंद्र होते. १९५९ साली जपानहून आपल्या देशात आणलेला सिल्व्हर कार्प तेथे ठेवलेला होता. १९७१ च्या पुरात तो निसटला आणि जलाशयात पोहोचला. तेथे त्याची वीण झाली आणि पुढे कोळ्यांच्या जाळ्यात तोच सर्वाधिक येऊ लागला. कटला मागे पडला, कारण दोघांचे अन्न बरेचसे सारखे. हे कोणी मुद्दाम केले नव्हते. एक केंद्र आणि एक पूर, एवढेच निमित्त पुरले.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. मिश्र मत्स्यपालनाचा धडा आम्हीही पाठ केला होता. रोहू, कटला, मृगळ हे तीन देशी आणि सिल्व्हर कार्प, ग्रास कार्प, कॉमन कार्प हे तीन परदेशी. पुढे वर्गात तोच धडा आम्ही उत्साहाने शिकविला. तळ्यात या माशांनी अनेकांची पोटे भरली, हे नाकारता येणार नाही. पण तळे भरून वाहिले की पुढे काय होते, हा प्रश्न आम्हीही कधी विचारला नाही.

आता तो विचारायला हवा. आपल्या जमिनीलगतचा नाला क्षिप्रेला मिळतो. क्षिप्रा चंबळेला आणि चंबळ यमुनेला मिळते. चंबळेच्या अभयारण्यात सुसरी आहेत, त्यांचा आहार मासेच. जोरदार पावसात आपल्या तळ्याच्या सांडव्यातून निघालेले पिल्लू कोठवर जाईल, हे भूगोलाच्या नकाशावर विद्यार्थ्यांनी बोट फिरवून पाहावे. नदीत गेलेला मासा परत बोलावता येत नाही.

म्हणून आमचे मत असे. तळे अवश्य व्हावे, पण त्यात फक्त रोहू, कटला आणि मृगळ असावेत. हे गंगेच्या खोऱ्यातलेच मासे आहेत आणि आपले पाणीही शेवटी तेथेच जाते. मत्स्यबीज खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्यावे, कारण बोटभर पिल्लांत दुसऱ्या जातीची भेसळ सहज ओळखू येत नाही. बांध पुराच्या पातळीहून उंच बांधावा, सांडव्याला बारीक जाळी लावावी आणि पावसाळ्यात ती दररोज तपासावी. शिष्यवृत्तीचे पैसे सहा महिने उशिरा मिळाले, तर विश्वस्तांनी तेवढा धीर धरावा.

विद्यार्थ्यांना एकच विनंती. घरच्या काचेच्या पेटीतले मासे नकोसे झाले, तर ते नदी-तलावात सोडू नका. कोणा मित्राला द्या किंवा शाळेत आणून द्या. त्यांना पाण्यात सोडणे ही दया वाटते खरी, पण तिची किंमत तेथे आधीपासून राहणाऱ्या माशांना मोजावी लागते.