दूरच्या ग्रहांचे घड्याळ, हौशी माणसांच्या हाती

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होऊ घातली आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. एवढे मोठे विज्ञान दाराशी येत असताना नांदेड-लातूरच्या सामान्य माणसाचा त्यात वाटा काय? जमीन देणे आणि टाळ्या वाजवणे, एवढाच? खगोलशास्त्राच्या दुसऱ्या एका शाखेने याचे उत्तर आधीच दिले आहे. सूर्याव्यतिरिक्त इतर ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांच्या, म्हणजे बाह्यग्रहांच्या अभ्यासात शास्त्रज्ञांना हौशी निरीक्षकांची खरोखर गरज पडते आहे.

२००४ आणि २०१२ मधले शुक्राचे अधिक्रमण अनेकांना आठवत असेल. सूर्यबिंबावरून एक काळा ठिपका सरकत गेला होता. दूरच्या ताऱ्यापुढून त्याचा ग्रह जातो तेव्हा ठिपका दिसत नाही, पण ताऱ्याचा उजेड किंचित उतरतो. गुरूएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्यापुढे आला तर सुमारे एक टक्क्याने. काही तासांनी उजेड पूर्ववत होतो. सहा इंची दुर्बीण, ताऱ्यामागे आपोआप फिरणारा स्टँड आणि चांगला कॅमेरा असेल तर ही एक टक्क्याची घट घराच्या गच्चीवरूनही मोजता येते. पृथ्वीएवढ्या ग्रहामुळे मात्र उजेड दहा हजारात एक भागाहूनही कमी घटतो. ते काम अवकाशातल्या दुर्बिणींचे.

मग ज्ञात ग्रह पुन्हा पुन्हा पाहायचे कशासाठी? रक्तदाब एकदा मोजून डॉक्टर थांबत नाहीत, तेच कारण इथेही आहे. समजा, एक ग्रह तीन दिवसांत फेरी मारतो आणि त्या काळाच्या मोजणीत केवळ एका सेकंदाची चूक आहे. वर्षाला सुमारे १२० फेऱ्या होतात, म्हणजे वर्षभरात अंदाज दोन मिनिटांनी चुकतो आणि दहा वर्षांत वीस मिनिटांनी. जेम्स वेबसारख्या दुर्बिणीचा प्रत्येक तास मोलाचा. ग्रह ताऱ्यापुढे नेमका कधी येणार हे माहीत नसेल तर तो वेळ वाया जातो. म्हणून 'नासा'ने 'एक्सोप्लॅनेट वॉच' हा उपक्रम सुरू केला. युरोपच्या आगामी 'एरियल' दुर्बिणीसाठी 'एक्सोक्लॉक' हा उपक्रम चालतो. दोन्हींत हौशी मंडळी ताज्या नोंदी पाठवून ग्रहांची वेळापत्रके दुरुस्त ठेवतात.

पद्धतही वैद्यकीय चाचणीसारखीच आहे. ज्या ताऱ्याचा वेध घ्यायचा त्याच्या शेजारच्या स्थिर ताऱ्यांशी त्याची तुलना करतात. विरळ ढग आला तर सगळेच तारे मंदावतात. एकच मंदावला तर कारण त्याच्यापाशी असते. घड्याळ मात्र अचूक लावलेले हवे. ज्यांच्याकडे दुर्बीण नाही, त्यांना इतर दुर्बिणींनी घेतलेली छायाचित्रे संगणकावर तपासता येतात. २०१२ मध्ये चार ताऱ्यांच्या समूहातला एक ग्रह 'प्लॅनेट हंटर्स' उपक्रमातल्या स्वयंसेवकांनी असाच हुडकला होता.

या मातीला हे नवे नाही. नांदेड ज्या हैदराबाद संस्थानात होते, तिथल्या निजामिया वेधशाळेची सुरुवात नवाब जफर जंग या हौशी सरदाराने विकत आणलेल्या १५ इंची दुर्बिणीतून झाली. त्यांच्या निधनानंतर १९०८ मध्ये ती संस्थानने ताब्यात घेतली. बंगालमधल्या जेसोरचे राधागोविंद चंद्र खजिन्यात कारकून होते. रूपविकारी ताऱ्यांच्या ३७ हजारांहून अधिक नोंदी त्यांनी अमेरिकेतील निरीक्षकांच्या संघटनेला पाठवल्या. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था हौशी निरीक्षकांना घडवते आहे.

मराठवाड्याकडे आज दोन गोष्टी आहेत. पहिली जागा. ग्रह वेळ पाहून ताऱ्यापुढे येत नाही. जपान-ऑस्ट्रेलिया आणि युरोप यांच्या मधल्या रेखांशांवरून भारतातून वेध घेता येतो. दुसरी गोष्ट निरभ्र रात्री. ढग न येणे हा इथल्या शेतकऱ्याचा घोर, पण ऑक्टोबर ते मार्चमधले तेच मोकळे आकाश निरीक्षकाची पुंजी आहे.

ती पुंजी उजेडाने झिजते आहे. वरच्या दिशेला फाकणारे दिवे आकाश पुसतात आणि खिडकीतून आत आलेला उजेड शरीरातल्या मेलाटोनिनवर परिणाम करून झोप बिघडवतो. दिव्यांना झाकण घालून त्यांचा रोख खाली करणे महापालिकेला अशक्य नाही. आकाशाला आणि आरोग्याला त्याचा सारखाच लाभ आहे.

उपकरणांचा खर्च लाखाच्या घरात जातो. तो एका विद्यार्थ्याला न झेपणारा, पण चार महाविद्यालयांनी मिळून उचलण्याजोगा आहे. ज्या शाळा-महाविद्यालयांकडे दुर्बीण आहे, तिथे ती बहुधा ग्रहणापुरतीच बाहेर निघते. महिन्यातल्या दोन रात्री, एक ठरलेला तारा आणि नीट ठेवलेली वही एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. लायगोची यंत्रणा सुरू होईल तेव्हा आकाश मोजण्याची सवय असलेली मुले तिच्या आसपास असावीत, यासाठी ही सुरुवात आत्ताच व्हायला हवी.