तीन लिप्यांचे घर, एक कीबोर्ड

आपल्या लातूरकडच्या बऱ्याच घरांत कॉम्प्युटर एकच असतो आणि त्यावर हात चौघांचे पडतात. थोरली मुलगी अकरावीच्या प्रवेशाचा नाहीतर शिष्यवृत्तीचा अर्ज इंग्रजीत भरते. धाकट्याला शाळेचा प्रकल्प मराठीत छापून न्यायचा असतो. अब्बांना घरच्या लग्नाचा दावतनामा उर्दूत हवा असतो. मग एक दिवस कोणीतरी आतून ओरडते, "कीबोर्ड बिघडला!" मशीनवर कापड पडते, दुरुस्तीला न्यायला रविवारपर्यंत कोणाला सवड नसते आणि अर्जाची शेवटची तारीख कोणासाठी थांबत नाही. मुलगा मित्राच्या घरी जाऊन काम उरकतो. मुलीला मात्र रात्री आठ वाजता कॅफेवर कोण पाठवणार? काम अडते ते तिचे.

शाळेत मुले आणि पालक असले प्रश्न आमच्याकडे घेऊन येतात. त्यातले पुष्कळसे बिघाड खरे बिघाड नसतातच. चुकून एखादे बटण दबलेले असते किंवा भाषा बदललेली असते. दुकानात नेण्याआधी घरीच काय तपासायचे, ते या महिन्यात क्रमाने पाहू.

आधी दोष कुठे आहे ते ओळखा

विंडोजचे बटण आणि कंट्रोल धरून इंग्रजी ओ दाबा. पडद्यावर कीबोर्डचे चित्र उघडते. कीबोर्ड चालतच नसेल, तर स्टार्ट मेनूतून माऊसनेही ते उघडता येते. त्यावर माऊसने अक्षरे टिपा. ती नीट उमटली आणि हाताखालच्या कीबोर्डवरून उमटत नसतील, तर दोष कीबोर्डमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये आहे. दोन्हीकडून सारखेच चुकीचे अक्षर येत असेल, तर कीबोर्ड निर्दोष आहे आणि गडबड सेटिंगमध्ये आहे. एवढ्या एका तपासणीत निम्मे काम होते.

वायरचा कीबोर्ड असेल तर यूएसबी पिन काढून दुसऱ्या खाचेत लावून पाहा. बिनवायरचा असेल तर आधी सेल बदला. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला ते कळत नाही.

चुकून दबणारी बटणे

काही लॅपटॉपवर यू दाबले की 4, आय दाबले की 5 आणि ओ दाबले की 6 उमटतो. याचा अर्थ नम लॉक चालू झाला आहे. एफएन धरून नम लॉक दाबले की अक्षरे जागेवर येतात. शिफ्ट सलग पाच वेळा दाबले गेले की 'स्टिकी कीज'ची चौकट उघडते. तिथे 'नाही' म्हणून बाहेर पडा. लहान मूल उजवे शिफ्ट आठ सेकंद दाबून बसले, तर 'फिल्टर कीज' चालू होते. मग हलके दाबलेले बटण कॉम्प्युटर मोजतच नाही आणि घरच्यांना वाटते की कीबोर्ड मेला. सेटिंग्जमधल्या 'ॲक्सेसिबिलिटी'त (विंडोज 10 मध्ये 'ईझ ऑफ ॲक्सेस'मध्ये) जाऊन ते बंद करता येते. लिहिताना पुढची अक्षरे गिळली जात असतील, तर एकदा इन्सर्ट दाबून पाहा.

शिफ्ट धरून 2 दाबल्यावर ईमेलच्या खुणेऐवजी अवतरणचिन्ह आले, तर कीबोर्ड ब्रिटिश इंग्रजीवर गेला आहे. भाषेच्या यादीतून तो काढून 'इंग्लिश इंडिया' ठेवावा. त्यात उजवे ऑल्ट धरून 4 दाबले की रुपयाचे चिन्हही मिळते.

भाषा कोणती चालू आहे?

तीन लिप्यांच्या घरातला सर्वात मोठा घोळ हाच. पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी भाषेची खूण असते, तिकडे आधी नजर टाकावी. विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबले की भाषा बदलते. डावे ऑल्ट आणि शिफ्ट दाबूनही बदलते आणि घोळ होतो तो बहुधा इथेच, कारण ही दोन बटणे घाईत सहज एकत्र दबतात. बरोबर असलेला पासवर्डही 'चूक' ठरत असेल, तर कॅप्स लॉकबरोबर भाषेची खूणही पाहा.

मराठीसाठी विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट मांडणी असते. तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, तर व्यंजने बहुतेक उजव्या हाताला असतात. ज्यांनी टाइपरायटरवर मराठीची परीक्षा दिली, त्यांना इथे एक अडचण हमखास येते. टाइपरायटरवर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारायची सवय असते. इनस्क्रिप्टमध्ये आधी अक्षर आणि मग वेलांटी. उलटे केले की ठिपक्यांचे एक गोल वर्तुळ उमटते आणि लोक म्हणतात, फॉन्ट खराब आहे. फॉन्टचा त्यात काही दोष नाही, क्रम बदला. हे जमतच नसेल तर 'मराठी फोनेटिक' मांडणी जोडता येते. तिच्यात इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून मराठी लिहिता येते.

आणखी एक प्रश्न खास मराठीचा. 'दुसऱ्या' लिहायला जावे तर र डोक्यावर चढतो आणि रफार होतो. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे दाबा, मग डी, मग य. अर्धा र खाली नीट बसतो. ही नुसती सजावट नाही. 'आचार्यांना बोलवा' म्हटले तर गुरुजी येतील आणि 'आचाऱ्यांना बोलवा' म्हटले तर स्वयंपाकी! दावतनाम्याच्या घरात हा फरक महागात पडतो.

उर्दू उलटी का लिहिली जाते?

उर्दू उजवीकडून सुरू व्हायला हवी, पण ओळ डावीकडे चिकटते आणि पूर्णविराम भलत्या टोकाला जाऊन बसतो. कंट्रोल धरून उजवे शिफ्ट दाबा, ओळ उजवीकडून चालू लागेल. कंट्रोल आणि डावे शिफ्ट दाबले की पुन्हा मराठी-इंग्रजीची दिशा. नोटपॅड आणि वर्ड, दोन्हींत हे चालते.

पुष्कळ जण उर्दूसाठी अरबी कीबोर्ड जोडून घेतात. त्यात टे, डाल, ड़े, नून-गुन्ना आणि बडी ये ही अक्षरे सापडत नाहीत. शिवाय अरबी काफ आणि उर्दू काफ डोळ्यांना सारखे वाटले, तरी कॉम्प्युटरच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरे आहेत. 'ये'चेही तसेच. त्यामुळे यादीत नाव समोर दिसते आणि शोधले की सापडत नाही. सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज'मध्ये जाऊन उर्दूच जोडावी. तिच्यासोबत नस्तालीक वळणाचा 'उर्दू टाइपसेटिंग' फॉन्टही सहसा येतो.

जुन्या फायली

जुन्या मशीनवरचा मराठी मजकूर नव्या मशीनवर उघडला की नुसती इंग्रजी अक्षरे दिसतात. 'मराठी' या शब्दाच्या जागी ई, जे, के, बी, एच दिसले, तर समजा मजकूर कृती देवचा आहे. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांनाच देवनागरीचा पोशाख चढवलेला असे. फॉन्ट गेला की पोशाख उतरतो. फाईल खराब झालेली नसते. फॉन्ट टाकला की ती वाचता येते आणि कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये बदलली की पुढे फॉन्टची अडचण उरत नाही.

उर्दूचे असेच इनपेजचे आहे. इनपेजची फाईल वर्डमध्ये उघडत नाही. त्यातला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनेही मिळतात. बदलताना मात्र काही शब्द जुळतात, काही तुटतात, म्हणून नंतर तो मजकूर उर्दू जाणणाऱ्याने वाचावाच लागतो. आणि इथे आमची कळकळीची विनंती आहे. अनेक घरांत मुले मराठी किंवा इंग्रजी माध्यमात शिकली. सफाईने उर्दू वाचणारे आता दादा-दादी नाहीतर नाना-नानीच उरले आहेत. दादांनी टाइप करून घेतलेला शजरा, त्यांचे शेर, नानीच्या पाककृती अशा फायलींत पडून आहेत. कीबोर्ड कधीही नवा आणता येतो, चारपाचशे रुपयांत मिळतो. या फायली तपासून देणारे डोळे दुकानात मिळत नाहीत. येत्या सुट्टीत नातवंडांनी शेजारी बसून हे काम करून घ्यावे.

चहा, धूळ आणि लाईट

चहा सांडला तर पुसत बसू नका. आधी मशीन बंद करा, चार्जर काढा, लॅपटॉप उघडा करून पालथा ठेवा. गरम हवेचा ड्रायर मारू नये. साखरेचा चहा बटणांखाली चिकट होऊन बसतो, म्हणून वाळले तरी चालू करण्याआधी कारागिराला दाखवणे बरे. उन्हाळ्यातल्या धुळीसाठी मशीन बंद करून कीबोर्ड उलटा झटकावा आणि मऊ ब्रशने साफ करावा. लॅपटॉपची बटणे उपटू नयेत.

लाईट गेल्यावर दरवेळी घड्याळ मागे जात असेल आणि वेबसाइट 'असुरक्षित' म्हणून उघडत नसतील, तर डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपला आहे. बहुतेक मशीनमध्ये तो सीआर 2032 क्रमांकाचा, 3 व्होल्टचा असतो आणि स्वस्तात मिळतो.

हे सर्व करूनही जमले नाही, तर मशीन जरूर दुकानात न्या, पण आधी कामाच्या फायली पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. नेमके काय होते आणि घरी काय तपासले, ते कागदावर लिहून सोबत द्या. आणि वरच्या बटणांची यादी घरातल्या मुलीकडूनच लिहून घेऊन कॉम्प्युटरशेजारी भिंतीवर चिकटवा. पुढच्या वेळी अर्जाच्या शेवटच्या दिवशी "कीबोर्ड बिघडला" अशी हाक आली, तर तिला रविवारची वाट पाहावी लागणार नाही.