हनुवटीचे केस आणि सहा सिटिंगचं पॅकेज



गेल्या महिन्यात माझी भाची खारघरहून आली ती तोंडाला ओढणी गुंडाळूनच. ओढणी काढली तर हनुवटीखाली दोन तपकिरी डाग, नाण्याएवढे. घराजवळच्या एका पार्लरमध्ये तिने 'लेझर'चं सहा सिटिंगचं पॅकेज घेतलं होतं, २४,००० रुपयांचं. दुसऱ्याच सिटिंगला भाजलं. "होतं असं, क्रीम लावा," एवढंच उत्तर मिळालं.

मी बी.कॉम. आहे, सवयीने आधी पावती मागितली. यंत्राचं नाव नाही, करणाऱ्याचं नाव नाही, केस परत आले तर काय ते नाही. 'परमनंट' हा शब्द मात्र मोठ्या अक्षरात. मिक्सर घेतला तरी आपण वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घेतो की नाही?

मग तिला त्वचारोगाच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. भाचीच्या फोनमधला यंत्राचा फोटो बघून त्या म्हणाल्या, हे लेझर नव्हेच, आयपीएल आहे. लेझर म्हणजे ठरावीक एकाच लांबीच्या लहरींचा प्रकाश. आयपीएल म्हणजे अनेक लहरी एकत्र असलेला झगझगीत फ्लॅश. आयपीएल वाईट असं नाही, पण आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर ते फार जपून वापरावं लागतं.

काम दोन्हींचं एकाच तत्त्वावर चालतं. उन्हात काळी छत्री पांढरीपेक्षा जास्त तापते ना, तसंच. केसातलं काळं द्रव्य, मेलॅनिन, प्रकाश शोषून तापतं आणि ती उष्णता मुळाशी जाऊन केस तयार होण्याची जागा दुबळी करते. अँडरसन आणि पॅरिश या अमेरिकी डॉक्टरांनी हे तत्त्व १९८३ साली मांडलं. गोम अशी की तेच मेलॅनिन आपल्या त्वचेतही असतं. म्हणून सावळ्या रंगाला १०६४ नॅनोमीटरच्या एनडी-याग लेझरसारख्या लांब लहरी बऱ्या. त्या खोल जातात आणि वरच्या त्वचेत कमी अडकतात. भाची आदल्याच आठवड्यात कुंभोजला बाहुबलीचा डोंगर भर उन्हात चढून आली होती. रापलेल्या त्वचेवर हे करत नाहीत. पार्लरमध्ये तिला कोणी विचारलंसुद्धा नाही.

सहा-आठ वेळा का जावं लागतं, तेही कळलं. सगळे केस एकाच वेळी वाढत नसतात. जो वाढीत आहे त्याच्याच मुळाशी उष्णता नीट पोचते, बाकीचे झोपलेले असतात. ते जागे होईपर्यंत काही आठवडे थांबायचं. आधी रेझर चालतो, पण थ्रेडिंग-वॅक्सिंग नाही, कारण केस मुळासकट निघाला तर प्रकाश पकडणार कशाला? आपल्या माताजी राख लावून हातांनी केशलोच करतात तेव्हा केस मुळासकटच निघतात, तरी दोन ते चार महिन्यांनी पुन्हा करावा लागतो. केस बनवणारी जागा शाबूत राहते ना. लेझरचा रोख त्या जागेवर असतो. तरीही अमेरिकेच्या औषध प्रशासनाने परवानगी दिली आहे ती 'कायमचे कमी होतात' असं म्हणायला, 'कायमचे जातात' असं नव्हे.

आणि हो, माझ्या हनुवटीवरचे चार पांढरे केस कुठल्याच लेझरला दिसणार नाहीत. त्यात काळं काही उरलंच नाही! त्यांना एकेका केसाच्या मुळाशी सुई घालून वीज देण्याची पद्धत आहे. माझा चिमटा मला पुरतो.

'आपल्यात लेझर चालतं का?' असं एका मैत्रिणीने विचारलं होतं. मध किंवा मधमाश्यांचं मेण घातलेल्या वॅक्सपेक्षा नक्कीच चालतं, असं माझं मत. डबीवरची बारीक अक्षरं वाचत जा.

पण खरा मुद्दा पुढेच आला. डॉक्टरबाईंनी डाग बघितले आणि पहिला प्रश्न विचारला, "पाळी नियमित येते का?" भाची खाली बघत म्हणाली, "दोन-दोन महिने येत नाही." बावीस वर्षांची पोर, आणि हे घरात कोणालाच माहीत नाही! हनुवटीवर, ओठावर जाड केस येणं हे पुष्कळदा पीसीओएसचं लक्षण असतं. मूळ कारण तसंच ठेवून लेझर केलं तर केस पुन्हा येत राहतात. चेहऱ्यावर काहींना उलट आजूबाजूची लवसुद्धा जाड होते.

ती पार्लरमध्ये गेली कशामुळे, तेही सांगते. स्थळ बघायला आलेल्या बाईंनी तिच्या आईला बाजूला घेऊन म्हटलं, "मुलगी छान आहे, चेहऱ्याचं तेवढं करून घ्या." त्या बाई आपल्यातल्याच. असं बोलणाऱ्या आपणच असतो आणि घाईने पॅकेज भरणाऱ्याही आपणच. मुलीला स्वतःला हवं असेल तर तिने लेझर जरूर करावं, डॉक्टरांकडे, कानामागे किंवा जबड्याखाली छोटी चाचणी घेऊन. पण त्या बाईंच्या एका वाक्यासाठी नको.

पार्लरने उरलेले १६,००० रुपये अजून परत केलेले नाहीत. मी लेखी मागणी केली आहे. डाग हळूहळू उतरतील म्हणतात. भाचीच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, रिपोर्ट सोमवारी येतील. मी तिला पाळीच्या तारखा लिहायला एक वही दिली आहे.