बाराचा ठोका आणि सावली

पाचवीतल्या एका मुलीनं या आठवड्यात वर्गात विचारलं, "घड्याळ बंद पडलं तर वेळ थांबते का?" उत्तर मिळालं, "हे परीक्षेला नाही, खाली बस." शाळेचं नाव लिहीत नाही, पण मला संताप आला. स्कॉलरशिपच्या गाइडांवर मी इथे पुन्हा पुन्हा लिहितो ते याचसाठी. ज्याला चार पर्याय नाहीत तो प्रश्नच नव्हे, असं मुलांच्या मनात तिथूनच भरतं.

आणि प्रश्न आला तो नेमका शून्य सावलीच्या आठवड्यात! आपल्या शहरावर सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो, १९-२० मेच्या सुमाराला आणि २३-२४ जुलैच्या. मेमध्ये शाळांना सुट्टी, जुलैमध्ये आभाळ भरलेलं. तरी अर्धा तास उघडीप मिळाली की एक काठी घेऊन मुलांना मैदानात न्या. घड्याळात बारा वाजतील, तरी काठीची सावली पश्चिमेला रेंगाळलेलीच असेल. ती नाहीशी होईल १२ वाजून ३५ मिनिटांच्या आसपास. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशाची. आपण तिथून सात अंशांहून थोडे अधिक पश्चिमेला, आणि दर अंशामागे चार मिनिटांचा फरक पडतो. मग मेमधली वेळ सांगा. तेव्हा हीच सावली १२ वाजून २५ मिनिटांच्या सुमाराला गेली होती. तोच सूर्य, तेच मैदान, तीच काठी, आणि दहा मिनिटांचा फरक! पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार, तिचा अक्ष कललेला, त्यामुळे सूर्यही रोज एकाच ठोक्याला माथ्यावर येत नाही. एवढं सांगून शिक्षकांनी गप्प बसावं. खरी दुपार कोणती, सावलीची की घड्याळाची? दोन्ही माणसानंच ठरवलेल्या असतील, तर आपण मोजतो ते काय? पाचवीतली मुलं यावर तासभर वाद घालतात, मी पाहिलं आहे.

त्या वादात कुणी सांगेल, आमच्या आजोबांच्या जुन्या कागदावर जन्मसाल १३५१ आहे. तो निजामाच्या राज्यातला फसली सन, म्हणजे इसवी सन १९४१-४२. सरकार बदललं, सन बदलला, आजोबांचं वय बदललं का? हेही मुलांनाच सोडवू द्या.

यासाठी नवं पुस्तक नको, निधी नको. त्या दुपारी तास संपल्याची घंटा वाजवू नका, एवढीच मुख्याध्यापकांना विनंती आहे.