काचेपलीकडचे आजोबा

कुर्ल्याच्या आमच्या घरात आजोबांची तसबीर आहे. लग्नातील समूहचित्रातून कापून, मोठी करून, निधनानंतर घाईने लावलेली. दृष्टी गेल्यापासून आजी तिच्या काचेवरून हात फिरवते. काच गुळगुळीत असते. आजोबा हाताला लागत नाहीत.

मुंबईत पार्थो भौमिक यांनी ‘ब्लाइंड विथ कॅमेरा’ या उपक्रमातून दृष्टिहीनांना छायाचित्रण शिकविले. त्यांच्या प्रदर्शनांत छायाचित्रांच्या उठावदार प्रती असतात, जोडीला ब्रेल मजकूर व ध्वनिवर्णन असते. तेथे चित्र हातांनी पाहायचे असते.

हे समजले तेव्हा मन खंतावले. आमचे भुसाराचे दुकान. मूठभर तूरडाळ तळहातावर चोळून आजोबा तिचा कस सांगत. रोजमेळ लिहिताना आकडे पुटपुटत. सदऱ्याला हिंगाचा वास येई. यांतले काहीच आम्ही जपले नाही.

गेल्या रविवारी आजीची परवानगी घेऊन, ती खिडकीपाशी चाचपून डाळ निवडत असताना तिची छायाचित्रे काढली. चेहऱ्याइतकीच तिच्या बोटांची. मोबाइलवर तिचे बोलणेही ध्वनिमुद्रित केले. ते ऐकवताच ती म्हणाली, “यांचा आवाज आहे का रे कुठे?”

मला उत्तर देता आले नाही.

वाचकहो, दुकानाची शिल्लक आपण रोज रात्री मांडतो. घरातील वडीलधाऱ्यांच्या आवाजाची नोंद मात्र राहून जाते. ती आजच करावी.